नऊ सिंफनी आणि एक माघार

२००५ सालच्या जून महिन्यात ब्रिटनच्या सार्वजनिक नभोवाणीने एक धाडस केले. बीबीसीच्या ‘रेडिओ थ्री’ या वाहिनीने ५ जूनपासून सहा दिवस आपला सारा वेळ एका रचनाकाराला वाहिला. लूटव्हिख व्हान बेथोव्हन या संगीतकाराचे लहानमोठे सर्व संगीत तिने श्रोत्यांना ऐकवले. येथवर कोणाचीच तक्रार नव्हती. महापुरुषांचे उत्सव करणे हा सार्वजनिक संस्थांचा कुलाचार असतो आणि उत्सवाने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु रेडिओ थ्रीने त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट केली. बीबीसीच्याच मँचेस्टर येथील फिलहार्मॉनिक वाद्यवृंदाने जानान्द्रेआ नोसेदा यांच्या संचालनाखाली वाजवलेल्या नऊही सिंफनी तिने महाजालावर ठेवल्या. ज्याला हव्या असतील त्याने त्या आपल्या संगणकावर उतरवून घ्याव्यात, जपून ठेवाव्यात, पुन्हा पुन्हा ऐकाव्यात. मूल्य काहीही नाही. ही मुभा दोन टप्प्यांत आणि मोजक्या दिवसांपुरतीच होती. तेवढ्या अवधीत सुमारे १४ लाख वेळा या सिंफनी उतरवून घेतल्या गेल्या.

उत्सवावर गप्प राहिलेले लोक या दानावर मात्र खवळून उठले. ध्वनिमुद्रिकांच्या धंद्यातील मंडळींनी म्हटले की, बीबीसीने संगीताचे अवमूल्यन केले आहे, श्रोत्यांना फुकटाची चटक लावली आहे आणि जनतेच्या पैशाने खासगी उद्योगाच्या पोटावर पाय दिला आहे. या ओरडीचा परिणाम झाला. २००७ साली बीबीसीच्या तत्कालीन नियामक मंडळाने, म्हणजे बीबीसी ट्रस्टने, मागणीनुसार कार्यक्रम पुरवण्याच्या नव्या योजनेला मान्यता दिली. तेव्हा कायम ठेवता येतील अशा श्राव्य मुद्रणांच्या सोयीतून अभिजात संगीत वगळण्यात आले. बाजारावर होणारा परिणाम हे त्याचे कारण. ज्या कलाप्रकाराला सार्वजनिक आश्रयाची सर्वांत अधिक गरज, तोच नेमका दारातून परत पाठवला गेला.

ही माघार चुकीची होती, असे माझे मत आहे. ती केवळ व्यवहारात चुकली असे नव्हे, तत्त्वातही चुकली. ज्या ज्या देशात लोकांच्या पैशाने चालणारी नभोवाणी आहे, त्या प्रत्येक देशातील श्रोत्याने या चुकीचा विचार करावा, इतकी ती मूलभूत आहे. आपल्याकडे आकाशवाणी आहे. म्हणून आपणही तो करावा.

प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या सर्वांत समर्थ रूपात मांडणे न्यायाचे होईल. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या सगळ्याच पेढ्या धनाढ्य नसतात. अभिजात संगीताच्या क्षेत्रात तर कितीतरी छोट्या पेढ्या केवळ ध्यासापोटी तग धरून असतात. अपरिचित रचनाकारांना त्याच उजेडात आणतात. अशा पेढीने भांडवल घालून, वाद्यवृंदाला मोबदला देऊन बेथोव्हनच्या सिंफनींचा संच काढावा आणि शेजारच्याच दारात सरकारमान्य संस्थेने तशाच सिंफनी फुकट वाटाव्यात, ही स्पर्धा समान पातळीवरची नाही. शिवाय, फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत माणसाला राहत नाही, हा अनुभवही खोटा नाही. असा हा पूर्वपक्ष आहे. त्याला उत्तर देताना सिंफनी ही कोणत्या जातीची मालमत्ता आहे, हा प्रश्न आधी विचारावा लागेल. पूर्वपक्षाने तो विचारलेलाच नाही.

या प्रश्नाचे उत्तर खुद्द बेथोव्हनने दिलेले आहे. १८०१ च्या जानेवारीत त्याने होफमाइस्टर या प्रकाशकाला एक पत्र लिहिले. त्यात तो आपल्या चार रचनांचे दर कळवतो. सात वाद्यांच्या रचनेला २० डुकाट, एकट्या पियानोच्या सोनाटाला २० डुकाट, पियानो कॉन्चेर्टोला १० आणि पहिल्या सिंफनीला २० डुकाट. सिंफनी आणि सोनाटा यांचा दर एकच कसा, याचे आश्चर्य वाटेल हे ओळखून तो स्वतःच खुलासा करतो: सिंफनीचे मोल निःसंशय अधिक आहे, पण ती सोनाटाइतकी खपत नाही. हा व्यवहार संपवताना त्याला हायसे वाटते. मग तो एक इच्छा व्यक्त करतो. जगात कलेचे एकच भांडार असावे. कलावंताने आपली कृती तेथे नेऊन ठेवावी आणि आपल्या गरजेपुरते घेऊन जावे. सध्या मात्र कलावंताला अर्धा व्यापारी व्हावे लागते, आणि ते कसे जमायचे, असे तो वैतागून विचारतो.

या पत्रातील स्वप्न भाबडे आहे, असे कोणी म्हणेल. त्यातील निरीक्षण मात्र अजिबात भाबडे नाही. सिंफनीचे मोल आणि बाजारातील तिची किंमत यांचा मेळ बसत नाही, हे बेथोव्हनला तिसाव्या वर्षीच कळले होते. कारण उघड आहे. सोनाटाची स्वरलिपी घेऊन घरातली मुलगी पियानोपाशी बसू शकते. सिंफनीला चाळीस-पन्नास वादक लागतात, सभागृह लागते, सरावाचे दिवस लागतात. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नातील एका नाट्यगृहात पाचवी आणि सहावी या दोन्ही सिंफनी प्रथमच वाजल्या. सराव अपुरा होता, सभागृह गारठलेले होते आणि कार्यक्रम चार तास चालला. त्यातील एक रचना मध्येच विसकटली आणि पुन्हा सुरू करावी लागली. ७ मे १८२४ रोजी नववी सिंफनी झाली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. परंतु खर्च वजा जाता हाती काय उरले हे पाहून बेथोव्हन कष्टी झाला. म्हणजे विक्रीच्या जोरावर सिंफनी कधीच उभी राहिलेली नाही. सरदारांच्या थैल्यांनी, संगीतमंडळ्यांच्या वर्गणीने आणि पुढे शासनांच्या अनुदानाने ती उभी राहिली. नववी सिंफनी पदरात पडावी म्हणून लंडनच्या फिलहार्मॉनिक सोसायटीने १८२२ मध्ये ५० पौंड देऊ केले. १८२७ मध्ये बेथोव्हन मृत्युशय्येवर असताना त्याच सोसायटीने १०० पौंड पाठवले. ते कोणत्याही मालाच्या मोबदल्यात नव्हते. ती कृतज्ञता होती.

ज्या मँचेस्टरच्या वाद्यवृंदाने २००५ मध्ये या सिंफनी वाजवल्या, त्याचे वादक बीबीसीचे पगारी नोकर आहेत. त्यांचा पगार परवाना शुल्कातून येतो. त्या वर्षी हे शुल्क रंगीत दूरचित्रवाणी संच असलेल्या प्रत्येक कुटुंबामागे १२६ पौंड ५० पेन्स इतके होते. स्वररचनांवर कोणाचाही हक्क उरलेला नव्हता. त्यांचा कर्ता जाऊन पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला होता. वादन जनतेच्या पैशाने झाले होते, मुद्रण जनतेच्या पैशाने झाले होते, प्रसारणही जनतेच्याच पैशाने झाले होते. मग या वाटपाला ‘फुकट’ म्हणायचे ते कोणत्या अर्थाने? ज्याने धान्याचे पैसे आधीच भरले आहेत त्याला धान्य घरी नेऊ दिले, एवढेच येथे घडले. दुकानदाराने त्याला चोर ठरवले आणि पंचांनी दुकानदाराची बाजू घेतली.

अवमूल्यनाचा आरोप तर नभोवाणीइतकाच जुना आहे. नभोवाणी नवी होती तेव्हा लंडनमधील जलशांचे चालकही हेच म्हणत होते. संगीत घरबसल्या ऐकू आले तर सभागृहे ओस पडतील, असे त्यांना वाटे. क्वीन्स हॉल हे सभागृह आणि ‘प्रॉम्स’ ही उन्हाळी संगीतमाला चालवणाऱ्या चॅपेल पेढीचे प्रमुख विल्यम बूसी हे नभोवाणीचे कट्टर विरोधक होते. १९२७ मध्ये चॅपेलने प्रॉम्सचा भार खाली ठेवला. तो उचलला कोणी? सभागृहे ओस पाडण्याचा आरोप ज्या बीबीसीवर होता तिनेच. तेव्हापासून ती संगीतमाला बीबीसीच्या आधारावर चालत आली आहे. लोक आजही तिकिटांसाठी रांगा लावतात, आणि घरी बसून ऐकणारेही ऐकतात. ऐकण्याने ऐकण्याची भूक वाढते. ती भागून संपत नाही. आपल्याकडील रात्र-रात्र चालणाऱ्या संगीतमहोत्सवांच्या मांडवात बसलेल्या जाणकारांपैकी कितीजणांचे कान आकाशवाणीवर तयार झाले, याचा विचार केला तरी हे पटेल.

येथे कोणी म्हणेल की, ऐकवण्याला विरोध नव्हताच. विरोध होता तो ठेवू देण्याला. बीबीसीने सिंफनी प्रसारित कराव्यात, श्रोत्याने त्या वेळेवर ऐकाव्यात आणि संग्रही हवी असेल तर विकत घ्यावी. ही तडजोड वरवर समंजस दिसते, परंतु सिंफनी म्हणजे काय हे न कळल्याची ती खूण आहे. सिंफनी ही स्मरणावर उभी असलेली कला आहे. तिसऱ्या, ‘एरोइका’ सिंफनीचा आरंभ पाहा. दोन ठोस स्वरसंघात होतात, चेलो मुख्य विषय सुरू करतात, आणि काही क्षणांतच त्यांचा एक स्वर अनपेक्षितपणे सप्तकाबाहेर घसरतो. आपण थबकतो. संगीत लगेच सावरून घेते आणि पुढे जाते. दहा-बारा मिनिटांनी तोच विषय परततो, तोच स्वर पुन्हा घसरतो. या वेळी मात्र तो सावरला जात नाही, भलत्याच दिशेला उतरतो आणि एक नवा प्रदेश उघडतो. ज्याला पहिली घसरण आठवत नाही त्याच्यासाठी ही दुसरी घटना घडतच नाही. ख्याल ऐकताना समेची वाट कशी पाहायची हे जसे ऐकून ऐकूनच अंगी मुरते, तसेच हेही आहे. एकदा ऐकलेली सिंफनी ही एकदा पाहिलेल्या शहरासारखी असते. रस्ते पुन्हा पुन्हा चालल्यावाचून ते आपले होत नाही.

पुन्हा ऐकण्याची सोय आजवर कोणाला होती? ज्याच्या घरी ध्वनिमुद्रिकांचे कपाट होते त्याला. ज्याचे कामाचे तास प्रसारणाच्या वेळेशी जुळत नाहीत, ज्या घरात एकच संच आहे आणि त्यावर इतरांचा हक्क आधी आहे, ज्या विद्यार्थ्याच्या खिशात नऊ सिंफनींच्या संचाचे पैसे नाहीत, त्याला ऐकण्याचा अधिकार होता, समजण्याचा नव्हता. २००५ च्या त्या काही दिवसांनी हा भेद पुसला. ऐकवणे हे दर्शन आहे आणि ठेवू देणे हे शिक्षण आहे. सार्वजनिक नभोवाणीची स्थापना शिक्षणासाठीही झाली होती. माहिती देणे, शिकवणे आणि रंजन करणे हे बीबीसीचे त्रिविध व्रत तिचे पहिले महासंचालक जॉन रीथ यांच्या काळापासून सांगितले जाते. त्यातील मधले व्रत बाजाराच्या परवानगीने पाळायचे असेल, तर ते व्रत कसले?

उत्सवाचा एक दुसरा, अधिक लोकप्रिय प्रकार आहे आणि त्याविषयी बाजाराची कधीच तक्रार नसते. सिंफनीतील गोड तेवढा भाग कापून घ्यायचा, त्याच्या आगेमागे जाहिराती लावायच्या आणि दिवसभर झुळझुळत ठेवायचे. १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या क्लासिक एफएम या खासगी वाहिनीने हा मार्ग यशस्वी करून दाखवला. पुष्कळ लोकांना तिने अभिजात संगीताच्या उंबरठ्यापर्यंत आणले, हे तिचे श्रेय मी नाकारत नाही. असे तुकडे वेचण्याची आवड अगदी नवीही नाही. १८१३ मध्ये सातवी सिंफनी प्रथम वाजली तेव्हा श्रोत्यांनी तिचा दुसरा खंड तेवढा पुन्हा वाजवायला लावला होता. परंतु त्या श्रोत्यांनी चारही खंड ऐकले होते. नववीच्या शेवटच्या खंडाचा आरंभ आठवावा. वाद्यवृंद आधीच्या तीनही खंडांची आठवण एकेक करून काढतो आणि चेलो व बास ही खर्जातील वाद्ये जणू बोलीभाषेत प्रत्येक आठवण बाजूला सारतात. त्यानंतर कोठे ती साधी, कोणालाही गुणगुणता येईल अशी आनंदाची धून हलकेच सुरू होते. या धूनीचा अर्थ तिच्या आधी नाकारल्या गेलेल्या पाऊण तासाच्या संगीतात आहे. केवळ धून ऐकणाऱ्याला निष्कर्ष मिळतो. त्यामागचा संघर्ष मिळत नाही. आणि संघर्षावाचून मिळालेला निष्कर्ष घोषणेसारखा वापरता येतो.

तो तसा वापरला गेलाही. हा या विषयातला सर्वांत कठीण आक्षेप आहे आणि उत्सव करणारे त्याला सहसा बगल देतात. १९४२ च्या एप्रिलमध्ये हिटलरच्या वाढदिवसाच्या पूर्वसंध्येला बर्लिनमध्ये फुर्टव्हेंगलर यांच्या संचालनाखाली नववी सिंफनी वाजली आणि जर्मन नभोवाणीने ती प्रसारित केली. सर्व माणसे बंधू होतील, असे गाणारा तो समूहस्वर कोणासमोर गायला गेला, हे आठवले की अंगावर काटा येतो. १९७४ मध्ये ऱ्होडेशियातील गोऱ्यांच्या वर्णवर्चस्ववादी राजवटीने हीच धून राष्ट्रगीतासाठी घेतली. पुढे १९८५ मध्ये युरोपीय समुदायाने तिचाच अधिकृत गीत म्हणून स्वीकार केला, आणि १९८९ च्या नाताळात, बर्लिनची भिंत कोसळल्यानंतर, लेनर्ड बर्नस्टाइन यांनी ‘आनंद’ या शब्दाच्या जागी ‘स्वातंत्र्य’ हा शब्द घालून ती त्याच शहरात गाववली. मग कोणी विचारेल, थोर संगीत माणसाला थोर करते हा दावा कोठे उरला? आणि तो उरला नसेल तर जनतेच्या पैशाने त्याचा उत्सव कशासाठी करायचा?

हा दावा उरलेला नाही, हे मान्य केले पाहिजे. सिंफनी ऐकून कोणी सज्जन होत नाही. परंतु या इतिहासातून निघणारा धडा वेगळा आहे. जे संगीत सत्तेच्या हाती एकवटते ते सत्तेचे होते. जे सर्वांच्या हाती असते ते कोणा एकाचे होऊ शकत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, बीबीसीच्या युरोपसाठीच्या प्रसारणांत नगाऱ्याचे चार ठोके ऐकू येऊ लागले: तीन ऱ्हस्व, एक दीर्घ. तारायंत्राच्या लिपीत ते ‘व्ही’ हे अक्षर, विजयाचे आद्याक्षर. आणि पाचव्या सिंफनीचा आरंभही तोच. जर्मनीशी जिवाची लढाई चालू असताना ब्रिटनच्या नभोवाणीने जर्मन रचनाकाराचे ठोके आपली खूण म्हणून वाजवले आणि व्याप्त देशांतील लोकांनी ते चोरून ऐकले. बेथोव्हन शत्रूचा आहे असे कोणी म्हटले नाही, कारण पाचवी सिंफनी तोवर सर्वांच्या कानांत होती. हिटलरच्या उत्सवाला उत्तर देण्याचे बळ त्या चार ठोक्यांत आले ते लोकांना ते आधीच ठाऊक होते म्हणून. सार्वजनिक नभोवाणीचे काम हेच ‘आधीच ठाऊक असणे’ निर्माण करण्याचे आहे.

माघारीनंतर काय झाले, हेही पाहिले पाहिजे. ज्या बाजाराच्या रक्षणासाठी २००७ मध्ये अभिजात संगीताला वगळले, तो बाजार पुढच्या काही वर्षांतच विरघळून गेला. खासगी कंपन्यांनी जगातील जवळजवळ सारे मुद्रित संगीत महाजालावरील प्रवाहांत ओतले. जाहिराती ऐकणाऱ्यांना फुकट, इतरांना अल्पशा मासिक वर्गणीत. एकेका श्रवणामागे वादकाच्या वाट्याला जे येते ते नाण्यात मोजण्याइतकेही नसते. फुकटाची चटक लागेल ही भीती खरी ठरली, पण ती चटक मँचेस्टरच्या पगारी वाद्यवृंदाने लावली नाही. जिने वादकांना पगार दिला, कार्यक्रमाची नीट मांडणी केली, विवरण दिले आणि सिंफनी संपूर्ण ऐकवली, त्या संस्थेचे हात बांधले गेले. आणि ज्यांना यातले काहीच करायचे नव्हते त्यांना मैदान मोकळे मिळाले. छोट्या पेढ्या त्यातून वाचल्या नाहीतच. त्यांना खरोखर वाचवायचे असते तर त्यांच्याशी करार करून, अपरिचित रचनाकारांची त्यांची मुद्रणे योग्य मोबदला देऊन सार्वजनिक भांडारात घेता आली असती. बेथोव्हनच्या पत्रातले ते भांडार थोडेसे तरी प्रत्यक्षात आले असते.

आता आपल्या घराकडे वळतो. हा संबंध ओढूनताणून आणलेला नाही. आकाशवाणी ही बीबीसीच्या घरातून आलेली संस्था आहे. तिचे पहिले नियंत्रक लायनेल फील्डन १९३५ मध्ये बीबीसीतूनच आले. तिची सकाळची परिचित ओळखधून ज्यांच्या नावावर सांगितली जाते ते वॉल्टर कॉफमन युरोपीय सिंफनीच्या परंपरेत वाढलेले होते. नाझींच्या छायेतून ते मुंबईला आले आणि येथील केंद्रात त्यांनी पाश्चात्त्य संगीताचे काम पाहिले. या संस्थेने स्वातंत्र्यानंतर दरबारी आश्रय तुटलेल्या कलावंतांना हात दिला, १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आणि दशकानुदशके जे मुद्रित केले त्या संग्रहाची तुलना बेथोव्हनच्या नऊ सिंफनींशी करण्यात मला संकोच वाटत नाही. त्याच काळात तिने एक चूकही केली. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना अभिजात संगीताला वाट मोकळी करण्यासाठी चित्रपटगीतांवर कात्री चालवली गेली. श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले आणि १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. लादणे आणि देणे यांतला फरक या अनुभवाने शिकवायला हवा होता. थोर संगीत दुसऱ्याचे तोंड बंद करून पोचत नाही. ते मिळण्याजोगे केले की ज्याला हवे तो येतो.

आकाशवाणीने संग्रहातील काही मुद्रणे विक्रीस आणली, २०१६ मध्ये अभिजात संगीतासाठी ‘रागम्’ ही स्वतंत्र चोवीस तासांची वाहिनी सुरू केली. हे स्वागतार्ह आहे. परंतु प्रश्न तोच उरतो. वाहिनी ऐकवते, ठेवू देत नाही. विक्री निवडक नावांची होते. संग्रह पूर्ण उघडत नाही. जयंतीला आणि पुण्यतिथीला दहा मिनिटांचा तुकडा लावून, चार गौरवाचे शब्द बोलून आपण ऋणमुक्त होतो. हा आपला देशी ‘उत्सव’ आहे.

यावर आपल्याकडेही मालकीचाच युक्तिवाद पुढे येतो, आणि त्याला आपल्याच परंपरेत उत्तर आहे. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांच्या पेट्यांत कुलूपबंद असलेल्या चिजा मिनतवारीने मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत मराठीत छापून सर्वांपुढे ठेवल्या. त्यांच्यावरही आरोप झालेच: विद्या स्वस्त केली, खानदानी ठेवा बाजारात आणला. ज्या उस्तादांचा तो ठेवा होता त्यांना पुरेसा मान आणि मोबदला मिळाला का, हा प्रश्न रास्त आहे आणि आजही विचारला पाहिजे. आकाशवाणीने संग्रह खुला करताना कलावंतांच्या आणि त्यांच्या वारसांच्या हक्काचा चोख हिशेब करावा, असे मी म्हणतो ते यासाठीच. पण भातखंड्यांनी त्या चिजा पेटीतच राहू द्यायला हव्या होत्या, असे म्हणणारा एकही संगीताचा विद्यार्थी आज सापडणार नाही. विद्या वाटल्याने स्वस्त झाली नाही, ती जगली.

सार्वजनिक नभोवाणीने एखाद्या थोर रचनाकाराचा वा गायकाचा उत्सव करावा तो कसा, याची कसोटी म्हणून मी तीन शब्द सुचवतो: संपूर्ण, सर्वांना, आणि ठेवण्यासाठी. बीबीसीने २००५ च्या जूनमध्ये काही दिवस ही कसोटी पार केली. नंतर तिने माघार घेतली. परंतु तेवढ्या दिवसांत १४ लाख वेळा कोणीतरी, कोठेतरी, सिंफनीला आपल्या घरी नेले. एरोइकाचा तो घसरलेला स्वर त्यांतल्या कोणाच्या तरी मनात आज परतीच्या वेळी वेगळा वाजत असेल. हे ज्यांना अवमूल्यन वाटते त्यांनी आधी मूल्य म्हणजे काय ते सांगावे. २० डुकाटांचा दर कळवणाऱ्या बेथोव्हनला किंमत आणि मोल यांतला फरक ठाऊक होता. त्याचा उत्सव करणाऱ्यांना तो ठाऊक नसेल, तर तो उत्सव त्याचा नव्हे.